ओकिचोबीचे पाणी आणि वेगळी पुरलेली माणसे

माझ्या गावाला दोन स्मशाने आहेत. त्यामुळे अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या पाण्याचा इतिहास वाचताना मला तो परका वाटला नाही.

ओकिचोबी हे तिथले विस्तीर्ण, उथळ सरोवर. पावसाळ्यात ते भरले की दक्षिण काठावरून सांडे. ते पाणी एव्हरग्लेड्सच्या गवताळ पाणथळीतून संथपणे सरकत थेट फ्लॉरिडाच्या उपसागराला मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कालवे खणून ही पाणथळ कोरडी करण्यात आली. काळ्या मातीत भाजीपाला आणि ऊस आला. राबायला काळे मजूर आले.

१६ सप्टेंबर १९२८ च्या रात्री वादळाने सरोवराचा मातीचा बांध फुटला. किमान अडीच हजार माणसे मेली. त्यांत बहुसंख्य काळे शेतमजूर होते. वेस्ट पाम बीच येथे गोऱ्यांना शवपेट्या मिळाल्या. ६७४ काळ्यांना बेवारशांच्या जागेत एकच खड्डा. प्रेते उचलायलाही काळ्यांनाच जुंपले. त्या खड्ड्यावर कित्येक दशके साधी पाटीही नव्हती. झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेने १९३७ च्या कादंबरीत हे वादळ आणले, म्हणून साहित्याने तरी ही नोंद ठेवली.

पुढे सरकारने प्रचंड बांध घातला आणि पाण्याची दक्षिणेची वाट बुजली. खतांचा फॉस्फरस मिसळलेले जादा पाणी कालव्यांनी पूर्वेला सेंट लूसी आणि पश्चिमेला कलूसाहॅची या नद्यांच्या मुखांकडे सोडले जाऊ लागले. खाडीचे जीवन गोड्या-खाऱ्या पाण्याच्या मेळावर चालते. तो मेळ मोडला. शिंपले आणि सागरी गवत मरू लागले. २०१६ मध्ये सेंट लूसीवर विषारी हिरवा तवंग पसरला, आणीबाणी जाहीर झाली. इकडे दक्षिणेचा उपसागर गोड्या पाण्यावाचून अधिकच खारट झाला. १९८७ पासून तिथेही गवताची कुरणे मेली. एकीकडे नको तेवढे पाणी, दुसरीकडे हवे तेवढेही नाही.

२००० साली अमेरिकी काँग्रेसने पाण्याला पुन्हा दक्षिणेची वाट देण्याची योजना मंजूर केली. १९२८ मध्येच खुला झालेला एक महामार्ग प्रवाहाला आडवा पडला होता. २०१३ मध्ये त्याचा मैलभर भाग पुलावर उचलला गेला. फॉस्फरस शोषणाऱ्या कृत्रिम पाणथळीही उभारल्या आहेत.

हे काम झालेच पाहिजे, असे माझे मत आहे. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय मला राहवत नाही. २०१० मध्ये राज्याने या कामासाठी एका साखर कंपनीची सुमारे २७ हजार एकर जमीन १९.७ कोटी डॉलर मोजून घेतली. जमीनवाल्याला किंमत मिळाली. त्या जमिनीवर राबणाऱ्याच्या घामाची किंमत कोणत्या कागदावर मांडली? बांधाच्या पायथ्याशी बेल ग्लेडसारख्या गावांत आजही बहुतांशी गरीब, काळी माणसेच राहतात.

पाण्याची जुनी वाट नकाशात सापडते. माणसांची वाट मात्र ज्या इतिहासाने बुजवली, तो आधी उकरावा लागतो.