शीड, डिझेल आणि निगा : आपल्या माणसांच्या सागर परिक्रमेची गोष्ट

गुलबर्ग्याच्या माणसाने समुद्रावर लेख लिहावा, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. समुद्र इथून रस्त्याने चारशे किलोमीटरहून दूर. आपल्याकडे पाणी म्हणजे भीमा, कागिणा, शेतातली विहीर आणि उन्हाळ्यात नळाची वाट पाहणे. परंतु या शहराचा इतिहास उलगडून पाहिला तर समुद्र आपल्याला वाटतो तितका परका नाही.

इ. स. १३४७ मध्ये अल्लाउद्दीन हसन बहमनशहाने गुलबर्ग्याला राजधानी केली. बहमनी सत्तेचे बळ घोडदळात होते आणि चांगला घोडा दख्खनमध्ये पैदा होत नसे. तो अरबस्तान व इराणातून जहाजाने येई, चौल किंवा दाभोळला उतरे आणि घाट चढून आपल्या पठारावर पोचे. राजधानी पुढे बीदरला गेली, तरी बंदरे तीच राहिली. बीदरचा मदरसा बांधणारा महमूद गावान हा इराणातल्या गिलानचा. तो व्यापारी म्हणून जहाजाने दाभोळला आला आणि तिथून बीदरला. याच गावानने १४७२ मध्ये गोवा जिंकून बहमनी राज्याला जोडला.

त्याच सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. विकण्यासाठी त्याने एक घोडा बरोबर आणला होता. त्याच्या प्रवासवर्णनात बीदर आणि गुलबर्गा या दोन्ही शहरांचा उल्लेख येतो. परतीला तो दाभोळहून होर्मुझला निघाला. महिनाभर जमीन दिसली नाही, आणि दिसली तेव्हा ती होर्मुझची नव्हती, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे हबशी डोंगर होते! वाऱ्याने जहाज भलतीकडे नेले होते. नुसत्या शिडाचा प्रवास तो असा. वारा नेईल तिकडे जायचे, वारा पडला तर थांबायचे. कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची रीत पडली, तीही वाऱ्याचा मान राखण्यासाठीच.

हे परावलंबन कमी केले इंजिनाने. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९३ मध्ये आपल्या कल्पनेचे पेटंट घेतले आणि १८९७ मध्ये ऑग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन नीट चालले. या इंजिनात ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच तेल पेटते. आपल्या भागात हे इंजिन शेतकऱ्याच्या विहिरीवर आले. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातले. त्यांच्या घराण्याने १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी काढली आणि डिझेल पंप गावोगाव दिसू लागला. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत कोकणातल्या मचव्यांनाही इंजिने बसली. विहिरीवरचे इंजिन आणि बोटीतले इंजिन ही एकाच कुळातली भावंडे आहेत, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

शिडाच्या बोटीला इंजिन तरी कशाला, असे कोणी विचारील. बंदरात शिरताना, वारा पडल्यावर, आणि दिवे, वायरलेस व दिशादर्शक यंत्रांच्या बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी ते लागते. पेट्रोलपेक्षा डिझेल का, याचेही कारण आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने स्फोट होतो. डिझेल सहजासहजी पेट घेत नाही.

आता मुख्य कथेकडे वळू. छोट्या शिडाच्या बोटीतून एकट्याने, कुठेही न थांबता जगाला फेरी घालणारा पहिला माणूस म्हणजे ब्रिटनचा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडमधील फाल्मथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. ३१२ दिवस! त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पुरी करणारा हा एकटाच. त्याची ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी बोट मात्र इंग्लंडात बांधलेली नव्हती. ती मुंबईत, आपल्याच सुतारांनी, जुन्या पद्धतीच्या हत्यारांनी घडवली आणि १९६४ च्या डिसेंबरात पाण्यात सोडली. वाटेत सुहैलीचे सांधे गळू लागले तेव्हा त्याने भर समुद्रात पाण्याखाली जाऊन ते बुजवले. पिण्याचे पाणी खराब झाले, वायरलेस बंद पडला, आपोआप दिशा राखणारे यंत्र मोडले. तो जिंकला तो वेगामुळे नव्हे. रोज काहीतरी मोडले आणि रोज त्याने ते दुरुस्त केले, म्हणून.

मुंबईत बांधलेल्या बोटीने ही कीर्ती मिळवली, पण भारतीय माणूस एकट्याने जगाची फेरी घालण्यास आणखी चाळीस वर्षे जावी लागली. त्याआधी १९८५ ते १९८७ या काळात लष्कराच्या अभियंत्यांनी ‘तृष्णा’ या बोटीतून चमूने फेरी पूर्ण केली होती. एकट्या भारतीयाचे स्वप्न धरून बसले होते ते निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात ‘आयएनएस कामोर्ता’चे नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेला हा मराठी दर्यावर्दी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत असे. भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या बोटीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा त्यांचा ध्यास. २००६ मध्ये नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी हे आव्हान स्वीकारले. तयारी शिकण्यासाठी त्यांनी खुद्द नॉक्स-जॉन्स्टन यांच्याबरोबर काम केले.

बोट बांधली रत्नाकर दांडेकर यांनी, गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या आपल्या कारखान्यात. लांबी ५६ फूट, आराखडा हॉलंडचा, लाकडाच्या गाभ्यावर आतून-बाहेरून फायबरग्लासचे थर. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. नाव ठेवले ‘म्हादेई’. आपल्यासाठी हे नाव विशेष आहे. म्हादेई नदी उगम पावते ती आपल्याच कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. गोव्यात तिचीच मांडवी होते. त्या नदीच्या पाण्याचा तंटा वृत्तपत्रांत पुष्कळ गाजला, पण तिचे नाव शिरावर घेऊन एक बोट जगभर हिंडली, हे कितीजणांना ठाऊक असते?

१९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि आफ्रिकेतील केपटाऊन असे चारच मुक्काम करून १९ मे २०१० रोजी ते मुंबईला परतले. पुढे त्यांना शौर्यचक्र मिळाले. याच म्हादेईतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय.

आपण अशा कथांतून लाटा आणि वादळे लक्षात ठेवतो. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून नोकरीत पाणीपुरवठ्याच्या पंपघरांशी संबंध आलेला माणूस. मला या कथेतले दुसरेच अंग दिसते. दोंदे आणि टॉमी यांच्याबरोबर मेकॅनिक नव्हता, सुतार नव्हता, वायरमन नव्हता. शेतातल्या इंजिनाने हवा धरली तर मिस्त्रीला सांगावा धाडता येतो. दक्षिण महासागरात जवळचा मिस्त्री तीन हजार किलोमीटरवर!

म्हणून बोटीवरची निगा हे रोजचे नित्यकर्म. सकाळी इंजिनाचे तेल आणि पट्ट्याचा ताण पाहायचा. समुद्राचे पाणी आत खेचणाऱ्या नळावरची जाळी साफ करायची, कारण शेवाळ किंवा प्लास्टिकचा एक तुकडा अडकला तरी इंजिन तापते. पाणी फिरवणारा रबरी इम्पेलर जवळ जादा ठेवायचा. डिझेलच्या टाकीत दमटपणाने पाणी साचते, त्या पाण्यात जंतू वाढून चिकट गाळ होतो आणि बोट हेलकावली की तो ढवळून फिल्टर तुंबवतो. म्हणजे वादळात, नेमकी गरज असेल तेव्हाच, इंजिन बंद पडते. उपाय साधाच: टाकी भरलेली ठेवा, तळाचे पाणी नेमाने काढा, फिल्टर वेळेवर बदला, आणि तेलाच्या नळीतली हवा अंधारातही काढता येईल इतका हात बसवा.

काही नियम शिडाच्या बोटीचे खास आहेत. इंजिन सुरू करण्याआधी एखादा दोर पाण्यात लोंबत नाही ना, हे पाहायचे. तो पंख्यात गुंडाळला की इंजिनही गेले आणि दोरही. वाऱ्याने बोट फार कललेली असताना इंजिन चालवायचे नाही, कारण तेल एका बाजूला जाते, तेलपंप हवा ओढतो आणि बेअरिंगे जळतात. तळातल्या प्रत्येक नळाशेजारी त्याच्या मापाची लाकडी खुंटी बांधून ठेवायची, नळ फुटला तर ठोकून बसवायला. शीड लहान करायला वेळ झाली का, असा प्रश्न मनात आला, की तीच ती वेळ. आणि डेकवर पाऊल टाकण्याआधी कमरेचा पट्टा बोटीला अडकवायचा. एकटा माणूस पाण्यात पडला तर बोट त्याच्यासाठी थांबत नाही.

एवढे करूनही समुद्र समुद्रच असतो. सप्टेंबर २०१८ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांच्या फेरीच्या स्मरणार्थ झालेल्या शर्यतीत टॉमी ‘तुरिया’ या बोटीतून दक्षिण हिंदी महासागरात होते. सुहैलीच्या धर्तीवरची ही बोटही दांडेकरांच्याच कारखान्यातली. वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. हलता येत नव्हते. संकटाचा संदेश पाठवणारी साधने मात्र चालू होती. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. पुढे २०२२-२३ च्या त्याच शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि दुसरे आले.

याच्या काही महिने आधी नौदलाच्या सहा महिला अधिकारी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘तारिणी’तून जगाची फेरी करून आल्या होत्या: १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८. त्यांना शिकवणारे दिलीप दोंदेच. परतीच्या टप्प्यात तारिणीच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. गोवा आता दूर नव्हते. तरीही त्यांनी ठरलेला मार्ग सोडून मॉरिशसचे पोर्ट लुई गाठले, दुरुस्ती केली आणि मगच निघाल्या. वेळेवर थांबणे हीदेखील दर्यावर्दीची विद्या आहे. त्याच तारिणीतून २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेल्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच २९ मे २०२५ रोजी फेरी पुरी करून गोव्याला परतल्या.

आता आपल्या भीमेकडे येऊ. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्याच्या पाण्यात, कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. तीच भीमा पुढे गाणगापूरला आपल्या दत्तभक्तांचे पाय धुते. ऑक्टोबर २०२० च्या महापुरात आपल्या जिल्ह्यातली भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली तेव्हा माणसे बोटीनेच बाहेर काढावी लागली होती. म्हणजे बोटीची निगा हा केवळ गोव्याचा किंवा नौदलाचा विषय नाही. पुराच्या वेळी काढायची बोट आणि तिचे इंजिन वर्षभर गोदामात पडून राहिले, तर ऐनवेळी ते सुरू होईल याची खात्री कोणी द्यावी? महिन्यातून एकदा दहा मिनिटे चालवून पाहणे, जुने इंधन काढणे, लाइफ जॅकेटचे बंद ओढून पाहणे याला मोठा खर्च नाही. लागते ती फक्त सवय, आणि ते काम करणाऱ्या माणसाला थोडा मान.

आपल्या घरांत मुलगा इंजिनिअर झाला की पेढे वाटतात. मिस्त्रीच्या हाताला मात्र आपण कौशल्य म्हणत नाही. आवटी, दांडेकर आणि दोंदे या तीन मराठी माणसांची गोष्ट याच्या उलट सांगते. एकाने ध्यास धरला, एकाने हाताने बोट घडवली, आणि एकाने ती रोज पुसून, तपासून, दुरुस्त करून जगभर फिरवली. तिघांपैकी एकही हात सैल पडता तर म्हादेई घरी परतली नसती.

येत्या अनंत चतुर्दशीला बाप्पाला घेऊन तराफ्यावर किंवा बोटीत चढणाऱ्या आपल्या तरुणांना एवढीच विनंती. माणसे बेताचीच घ्या, इंजिन आधी चालवून पाहा, आणि अंगावर लाइफ जॅकेट असल्याशिवाय काठ सोडू नका. मोरयाचा गजर त्याने काही कमी होत नाही.