मिशीचा कंगवा आणि तिकिटांची वही

मिशा विंचरायचा एक एवढासा चांदीचा कंगवा. लिलाव करणाऱ्यांचा अंदाज ४०० ते ६०० पौंडांचा होता, तो गेला १,५२,४०० पौंडांना! तेव्हाच्या भावाने दीड कोटी रुपयांच्या वर. मिशा अर्थातच फ्रेडी मर्क्युरीच्या.

हा लिलाव सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनला सदबीजने केला. फ्रेडी १९९१ साली गेला तेव्हा घर आणि घरातलं बहुतेक सगळं त्याने मेरी ऑस्टिन या जुन्या मैत्रिणीला ठेवलं होतं. तीसेक वर्षं सांभाळून तिने ते विकायला काढलं. आधी महिनाभर फुकट प्रदर्शन होतं, ते पाहायला सुमारे १,४०,००० माणसं आली. मग लिलाव, आणि एकूण जमले जवळपास ४ कोटी पौंड. त्यातला काही भाग एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थांना गेला.

यातलं 'बोहेमियन रॅप्सोडी'च्या कच्च्या खर्ड्याचं मला कौतुक वाटलं. एका विमान कंपनीच्या कागदांवर लिहिलेली ही पंधरा पानं. वर आधी 'मंगोलियन' लिहून मग खोडलंय! सुमारे १४ लाख पौंड. ज्या यामाहा पियानोवर हे गाणं बसवलं तो १७ लाख पौंडांना गेला, म्हणजे अंदाजापेक्षा कमीच. उलट बागेचा हिरवा दरवाजा, ज्यावर चाहत्यांनी निरोप खरडून ठेवले होते, तो ४,१२,७५० पौंडांना. आपल्याकडे गडाच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो, तिथे त्याचीच किंमत आली. असो.

आता मुद्द्याचं. गाजलेल्या या वस्तू सगळ्या लंडनच्या, तो मोठा झाल्यानंतरच्या. पण हा माणूस घडायला लागला तो आपल्या पाचगणीत. फारुख बुल्सारा, जन्म १९४६, झांजिबार. वडील बोमी तिथे सरकारी नोकरीत होते. पोराला आठव्या-नवव्या वर्षी बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये पाठवलं. घर समुद्रापार, त्यामुळे सुट्ट्या बऱ्याचदा मुंबईच्या नातेवाइकांकडे. फारुखचा 'फ्रेडी' इथेच झाला. पियानो इथेच शिकला. १९५८ साली पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' हा बँड काढला आणि हा पियानोवर बसला. त्या पाचांपैकी ड्रम वाजवणारा व्हिक्टरी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल झाला, डेरिक ब्रांच इंग्लंडात नट झाला. गंमत म्हणजे गाणारा मुलगा वेगळाच होता, फ्रेडी नव्हता.

या वर्षांचं काय उरलं? बँडचा एक फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. बाकी वर्गमित्रांच्या आठवणी. स्वतः फ्रेडी तर या दिवसांबद्दल फारसं बोलायचाच नाही.

पण एक गोष्ट उरली. पोस्टाच्या तिकिटांची वही. नऊ ते बारा या वयात त्याने ही तिकिटं जमवली, म्हणजे पाचगणीचेच दिवस. वडिलांनाही तोच नाद होता. वहीची पानं पाहण्यासारखी आहेत. नुसती ओळीने चिकटवलेली तिकिटं नाहीत, डावी-उजवी बाजू तोलून, आकार आणि रंग जुळवून मांडलेली नक्षी. आमच्या अंबरनाथला विमकोमुळे काड्यापेट्यांवरची चित्रं जमवणारी पोरं गल्लोगल्ली असायची. जमवणारे सगळेच, पण मांडणारा शंभरात एखादा. तो एखादा हा!

ही वहीसुद्धा लिलावातच गेली, पण ३० वर्षं आधी, १९९३ साली. वडिलांनीच ती विकायला काढली आणि आलेले पैसे मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टला, म्हणजे ज्या आजाराने मुलगा गेला त्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले. लाखो पौंडांचा तेव्हा प्रश्नच नव्हता. पोराची लहानपणची वही देऊन टाकताना त्या बापाला काय वाटलं असेल, याचा मी बराच विचार केला. तिकिटं जमवायचा नाद तर त्याच्याकडूनच मुलाला लागलेला.

वही घेतली ब्रिटिश टपाल खात्याच्या संग्रहालयाने. २०२३ मध्ये ज्यांनी पियानो आणि कंगवा नेला त्यांच्या घरी तुम्हा-आम्हाला कोण बोलावणार? वही मात्र अधूनमधून प्रदर्शनात मांडतात. लंडनला असणाऱ्या आपल्या भाचरांनी तेवढी चौकशी करून ठेवा, पुढच्या वेळी मांडली की मला कळवा.