दान आणि अंतर

नाशिकचा गोदाकाठ असो, उज्जैनचा क्षिप्रेचा घाट असो वा पंढरपुरातील चंद्रभागेचे वाळवंट असो, यात्रेच्या दिवसांतले एक दृश्य पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाहिले आहे. वाटेच्या कडेला फडकी अंथरलेली, त्यांवर पत्र्याची भांडी मांडलेली, आणि भांड्यांमागे हातापायांना चिंध्या बांधलेली माणसे बसलेली. यात्रेकरू क्षणभर थांबे, कनवटीचा पैसा काढी आणि तो भांड्यात वरून टाकी. पैसा हातावर ठेवण्याची रीत नव्हती. देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या हातांमध्ये हातभर अंतर राही. दानाचे पुण्य पदरी पडे आणि अंतरही कायम राही. कुष्ठरुग्णांसाठी या देशात जो दानधर्म झाला, त्याचा इतिहास एका अर्थी या हातभर अंतराचा इतिहास आहे.

हे अंतर कशासाठी होते, हे समजण्यास रोगाचे स्वरूप थोडे जाणून घेतले पाहिजे. लोक त्याला रक्तपिती म्हणत, महारोग म्हणत. आज कुष्ठरोग हे नाव रूढ आहे. १८७३ मध्ये नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला. पूर्वजन्मीच्या पापाचे फळ वा घराण्याचा वारसा म्हणून ज्याकडे पाहिले जाई, तो इतर रोगांसारखाच एक रोग आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले. हा जंतू त्वचेवर व नसांवर हल्ला करतो आणि अवयवाची संवेदना जाते. संवेदना गेलेला हात चुलीतला निखारा उचलतो आणि त्याला भाजल्याचे कळत नाही. खडा टोचलेला पाय दिवसभर तसाच चालत राहतो. जखमा चिघळतात, बोटे आखडतात व झिजतात. रोगाने बोटे आपोआप गळून पडतात, ही समजूत चुकीची आहे. वेदना हीच शरीराची राखणदार, आणि हा रोग त्या राखणदारालाच नाहीसे करतो.

तथापि, रुग्णाला खरे अपंगत्व येई ते घरातून. एका माणसाच्या रोगामुळे घरातल्या मुलींची लग्ने अडत, पंक्ती बंद होत. म्हणून कित्येक रुग्ण स्वतःच रात्री घर सोडून जात आणि दूरच्या तीर्थक्षेत्री अनोळखी होऊन बसत. घर गेले, काम गेले, नाव गेले. पुढे उरले ते भांडे.

या भांड्यापलीकडचा संघटित दानधर्म एकोणिसाव्या शतकात सुरू झाला, आणि त्याचा एक उगम फार दूर होता. वेलस्ली बेली नावाच्या आयरिश शिक्षकाने १८६९ मध्ये अंबाला येथे कुष्ठरुग्णांची वसाहत प्रथम पाहिली. १८७४ मध्ये मायदेशी परतल्यावर डब्लिनजवळच्या माँक्सटाउन गावी त्याने आपला अनुभव सांगितला. ऐकणाऱ्यांत पिम घराण्यातील तिघी बहिणी होत्या. वर्षाला तीस पौंड जमविण्याचे त्यांनी वचन दिले. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून जमलेली रक्कम त्याहून कितीतरी अधिक भरली, आणि त्यातून कुष्ठसेवेची ती मिशनसंस्था उभी राहिली, जिची रुग्णालये पुढे भारतभर पसरली. वऱ्हाडात अचलपूरजवळचे कोठारा हे त्यांपैकीच एक. धर्मप्रसाराचा हेतू या कार्यात होता, हे नाकारता येत नाही. परंतु त्या पैशावर इकडे येऊन राहिलेली माणसे रुग्णांच्या जखमा स्वतःच्या हातांनी धूत होती, हेही तितकेच खरे. समुद्रापलीकडून आलेले ते दान घाटावरच्या यात्रेकरूच्या पैशापेक्षा रुग्णाच्या अधिक जवळ पोहोचले होते.

मुंबईची कथा निराळी आहे. १८८९ मध्ये हवाई बेटांपैकी मोलोकाई येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन स्वतः त्याच रोगाने मरण पावले. ही वार्ता जगभर गेली आणि तिच्याबरोबर आदराइतकीच भीतीही गेली. मुंबईत रस्त्यावर बसणाऱ्या रुग्णांविषयी ओरड वाढली. त्या वेळचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ यांनी लोकवर्गणीच्या बळावर माटुंग्यास निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभारण्याची खटपट केली, आणि १८९० मध्ये ते सुरू झाले. मराठी वाचकाला ॲक्वर्थ हे नाव आणखी एका कारणासाठी ठाऊक असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध करणारे आणि १८९४ मध्ये त्यांतील निवडक पोवाडे इंग्रजी पद्यात नेणारे ॲक्वर्थ ते हेच. शाहिरांचे बोल आणि रस्त्याकडेची टाकून दिलेली माणसे, या दोहोंकडेही त्यांचे लक्ष गेले.

माटुंग्याच्या आश्रयस्थानात छप्पर मिळाले, अन्न मिळाले, औषधोपचार मिळाले. तेथील मैल्यापासून ज्वलनवायू मिळविण्याचा प्रयोग १८९७ च्या सुमारास झाला; आपल्या देशातील गोबर गॅसच्या इतिहासात त्याचा आरंभीचा प्रयोग म्हणून उल्लेख होतो. वर्गणी देणाऱ्यांच्या मनात करुणा होती, यात शंका नाही. परंतु रस्ता मोकळा व्हावा, ही इच्छाही तिच्या शेजारीच होती. भांड्यात वरून टाकलेल्या पैशाने जे अंतर राखले होते, तेच आता भिंत होऊन उभे राहिले. १८९०-९१ मध्ये भारतात फिरून चौकशी करणाऱ्या कमिशनने हा रोग लोक समजतात तितका संसर्गजन्य नाही, असा निर्वाळा दिला होता. तरीही १८९८ मध्ये कुष्ठरुग्णांविषयीचा कायदा झाला. भीक मागणाऱ्या रुग्णाला वॉरंटावाचून पकडून आश्रयस्थानात धाडण्याचा अधिकार त्याने पोलिसांना दिला. खाण्यापिण्याचे पदार्थ वा कपडे तयार करून विकणे, सार्वजनिक विहिरीवर स्नान करणे, भाड्याचे वाहन हाकणे यांवर त्याने बंदी घालण्याची सोय केली. दयेने उघडलेल्या दाराला कायद्याने बाहेरून कडी घातली, असेच म्हणावे लागेल.

गोमंतकातही हा प्रश्न होताच. तेथे डॉ. फ्रॉइलानो द मेलो या गोमंतकीय वैद्यकतज्ज्ञाच्या पुढाकाराने १९३४ मध्ये साष्टीतील माकाझन येथे कुष्ठरुग्णालय स्थापन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, वर्ध्याजवळ दत्तपूर येथे विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठधाम सुरू केले. परदेशी मिशन वा सरकार यांच्या आधारावाचून एका मराठी तरुणाने या सेवेत आयुष्य घालावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. निधी अल्प होता. सेवकच रुग्णांत राहू लागला, हेच तेथील मोठे भांडवल होते.

जवळच सेवाग्राम होते. १९३९ मध्ये परचुरेशास्त्री नावाचे संस्कृत पंडित, कुष्ठरोगाने जर्जर झालेले, तेथे येऊन दाखल झाले. येरवड्याच्या तुरुंगवासापासून गांधीजींना त्यांची ओळख होती. त्यांना ठेवून घेणे म्हणजे आश्रमातील सर्वांच्या मनातील भीतीला सामोरे जाणे होते. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांच्यासाठी झोपडी बांधवली आणि ते स्वतःच्या हातांनी शास्त्रीबुवांचे अंग चोळू लागले. त्या प्रसंगाचे छायाचित्र पुढे घरोघर पोहोचले. घाटावरच्या पत्र्याच्या भांड्याला जे हातभर अंतर लागत होते, ते येथे उरलेच नाही. शास्त्रीबुवांचे अखेरचे दिवस दत्तपुरास गेले आणि १९४५ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. कुष्ठसेवा हा विषय गांधीजींनी पुढे आपल्या रचनात्मक कार्यक्रमात समाविष्ट केला.

यानंतर विदर्भात या कार्याला बहर आला. १९४६ मध्ये अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी विदर्भ महारोगी सेवा मंडळाची स्थापना केली आणि तपोवनात रुग्णांची वसाहत उभारली. वरोऱ्याचे वकील मुरलीधर देवीदास आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापिली. पावसात रस्त्याकडेला पडलेला, मरणपंथाला लागलेला एक कुष्ठरुग्ण पाहून ते प्रथम घाबरून दूर पळाले होते. त्या भीतीची लाज वाटून ते परतले, ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितली. कलकत्त्यास या रोगाचे शिक्षण घेऊन ते आले, आणि जून १९५१ मध्ये सरकारने दिलेल्या खडकाळ, झुडपांनी भरलेल्या पन्नास एकर जमिनीवर आनंदवन सुरू झाले. बरोबर पत्नी साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये.

दानाविषयीचा बाबा आमट्यांचा विचार ऐकणाऱ्याला चमकवणारा होता. फुकटचे दान माणसाला आतून पोखरते, काम त्याला उभे करते, अशी त्यांची धारणा होती. म्हणून पहिली विहीर रुग्णांनीच खणली, भाजीपाला पिकविला, गाई पाळल्या. परंतु पिकवलेली भाजी घेणार कोण? वरोऱ्याच्या बाजारात तिला हात लावायला लोक धजेनात. येथे इतिहासाची मौज दिसते. ज्या गावाने रुग्णाच्या भांड्यात पैसा टाकण्यास कधी नकार दिला नव्हता, त्याच गावाला त्याची भाजी रोख पैसे देऊन घेणे अवघड झाले. दान देताना देणारा वर असतो; विकत घेताना दोघे समोरासमोर येतात. १९५४ मध्ये निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक आनंदवनात राहिले, रुग्णांच्या बरोबरीने त्यांनी इमारती बांधल्या, तेथलेच अन्न खाल्ले. ते पाहून गावाची भीड मोडली आणि भाजी विकली जाऊ लागली. आनंदवनाच्या पुढच्या काळात देणग्यांचे ओघ आले. परंतु भाजीचे ते पहिले गिऱ्हाईक त्या देणग्यांहून कमी मोलाचे नव्हते.

याच सुमारास दानाला आणखी एक वळण लागले. गांधीजींच्या निधनानंतर लोकांनी दिलेल्या पैशातून गांधी स्मारक निधी उभा राहिला होता. त्यातून १९५१ मध्ये वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. डॅप्सोन हे औषध नुकतेच हाती आले होते. प्रतिष्ठानचे डॉ. वर्देकर यांनी ठरविले, की रुग्णाला वसाहतीत आणण्याऐवजी औषध त्याच्या दारी न्यावे. कार्यकर्ते घरोघर जाऊन तपासणी करीत, रोगाची माहिती समजावीत आणि रुग्णाला त्याच्या घरीच औषध देत. पाहणी, शिक्षण व उपचार अशी ही त्रिसूत्री. भिंत बांधण्यासाठी पूर्वी वर्गणी जमली होती. आता रुग्णावर घर सोडण्याची पाळीच येऊ नये म्हणून निधी खर्ची पडू लागला. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी आखडलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामाची करण्यास आरंभ केला, तोही १९४८ च्या सुमारासच.

आणि १९६४ मध्ये आनंदवनात एक महाविद्यालय उघडले. ज्यांच्या हातची भाजी घेण्यास लोक कचरत होते, त्यांच्याच श्रमातून त्याची वास्तू उभी राहिली, आणि वरोऱ्याच्या परिसरातील निरोगी घरांची मुले तेथे शिकावयास येऊ लागली. घेणारे हात देणारे झाले. पुढे अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा, वृद्धांची घरे असा त्या वसाहतीचा विस्तार होत गेला.

पुढचा वैद्यकीय इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सहा महिने ते एक वर्षाच्या या उपचाराने रोग पूर्ण बरा होतो, आणि औषध मोफत मिळते. डिसेंबर २००५ मध्ये भारतातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. तरीही अलीकडच्या वर्षांत देशात दर वर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण आढळले आहेत. १८९८ चा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून २०१९ मध्ये वगळले गेले. जंतू मारण्यास सहा महिने पुरतात, परंतु त्याच्याभोवतीचे भय कायद्यातून पुसण्यास सव्वाशे वर्षे लागली.

या प्रवासात काही माणसे मागे राहिली. जुन्या वसाहतींमध्ये रोगमुक्त होऊन दशके लोटलेले वृद्ध आजही आहेत. त्यांना औषध नको आहे. त्यांना रोज जखम पाहणारी, पायताण नीट बसते की नाही हे तपासणारी, आखडलेल्या बोटांना घास घेता यावा म्हणून चमच्याला जाड मूठ बसवून देणारी माणसे हवी आहेत. ही सेवा करणारे पगाराने थोडे आणि मनाने थकलेले असतात, आणि वर्गणीदारांच्या यादीत त्यांच्या विश्रांतीसाठी फारसा रकाना नसतो. सणावारी मिठाईचे पुडे येतात, फोटो निघतात, गाडी परत जाते. तेही दानच, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु डब्लिनच्या तीस पौंडांपासून वरोऱ्याच्या भाजीपर्यंतचा हा इतिहास इतके मात्र शिकवतो, की पैशाबरोबर माणूसही आला तेव्हाच काही बदलले. पुडा देऊन झाल्यावर घटकाभर त्या खाटेशेजारी बसणे, गावाचे नाव विचारणे, आणि निघताना ती वाकडी बोटे आपल्या हातात घेणे, एवढ्यानेही घाटावरचे ते हातभर अंतर तुटते.