सोळा तासांमागची वाट

पुणे जिल्ह्यातल्या निमोण्यातून कुणाचा मुलगा अमेरिकेला निघाला की शेजारीपाजारी विचारतात, ‘किती तास लागतात रे?’ किलोमीटर कुणी विचारत नाही. अंतर दिवसांत मोजायची आपली जुनीच रीत. ‘तीन मजलांवर’ म्हटलं की वाट कळायची. मुंबई-न्यूयॉर्क विमानाचे सोळा तास त्याच घराण्यातले, आणि त्यांचे पूर्वज पाहण्यासारखे आहेत.

आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. 58 दिवस! वय अवघं अठरा, नवरा इकडे मागे राहिलेला. तरी तेव्हा सुएझ कालवा होता. 1869 मध्ये तो खुला झाला आणि मुंबई-लंडनची सागरी वाट सात हजारांहून जास्त किलोमीटरनी आखडली.

8 जून 1948 रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ 35 प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. आठवड्यांचं गणित चोवीस तासांच्या आसपास आलं. मे 1960 मध्ये जेट विमान लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं, आणि ऑगस्ट 2007 पासून बोइंग 777 वाटेत कुठेही न थांबता.

हा थेट रस्ता कसा जातो? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. पण पृथ्वी गोल. पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून बघा: तो तुर्कमेनिस्तान, रशिया ओलांडत वर चढतो, आइसलँडच्या बाजूने ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी येतो आणि मग खाली उतरतो. हीच सर्वांत जवळची वाट, साधारण साडेबारा हजार किलोमीटर. प्रत्यक्षात विमान दोऱ्यावरून जातंच असं नाही. उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात, म्हणून जाताना वेळ जास्त, येताना कमी. आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, त्यामुळे वळसा वाढला. पूर्वी वाट वारा आणि समुद्र ठरवायचे. आता त्यात सरकारंही आली.

निमोण्याच्या माणसाला या सोळांत आणखी तास मिळवावे लागतात. मुंबईचं विमानतळ सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात. शिक्रापूर, वाघोलीची कोंडी, मग बोरघाट, वर तीन तास आधी पोहोचणं. उंबरठ्यापासून धरलं तर चोवीस-पंचवीस तास होतात. त्यातले आठ-नऊ तास जमिनीवरच जातात आणि ते कुठल्याच तिकिटावर छापलेले नसतात. गावाकडच्या पोरांनी तिकीट काढताना आधी तेच मोजावेत.