ठाणी आणि वाटा : मेंदूच्या नकाशाचा इतिहास

वर्गात बसलेला एखादा मुलगा एकाएकी ताठ होतो, खाली कोसळतो, हातपाय झटके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो. दोन-तीन मिनिटांत सारे शांत होते. परंतु त्या दोन-तीन मिनिटांनी त्याचे पुढचे सारे आयुष्य बदलून जाण्याचा संभव असतो. कोणी कांदा हुंगवतो, कोणी हातात किल्ल्यांचा जुडगा देतो, कोणी ‘साया आहे’ म्हणून ताईत बांधावयास सांगतो. आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेतील त्याची जागा रिकामी राहते. मुलगी असेल तर घरचे लोक ही गोष्ट शेजाऱ्यांपासूनही लपवितात. या रोगाला आपण फेफरे किंवा मिरगी म्हणतो. अपस्मार हे त्याचे शास्त्रीय नाव. मेंदूचा नकाशा माणसाने कसा काढला, याचा इतिहास पाहू लागलो की हाच रोग पानोपानी भेटतो. तो इतिहास थोडक्यात सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास ग्रीक लोक फेफऱ्याला ‘पवित्र रोग’ म्हणत. तो देवाच्या कोपाने होतो अशी त्यांची समजूत होती. हिप्पोक्रेटीसच्या परंपरेतील एका वैद्याने ग्रंथ लिहून सांगितले की, हा रोग इतर रोगांसारखाच आहे आणि त्याचे मूळ मेंदूत आहे. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन (अरबीत जालीनूस) या वैद्याकडे पौसानियस नावाचा रोगी आला. त्याच्या डाव्या हाताची बोटे बधिर झाली होती आणि बोटांना लेप लावून काही गुण येत नव्हता. हा मनुष्य काही काळापूर्वी वाहनावरून पडला होता व त्याच्या पाठीच्या वरच्या भागास मार बसला होता, असे चौकशीत कळले. गेलनने औषध बोटांना न लावता पाठीच्या कण्याला लावले आणि रोगी बरा झाला. दुखणे एका जागी आणि त्याचे कारण दुसऱ्या जागी. दोहोंना जोडणारी मज्जातंतूची वाट मधे. या लहानशा गोष्टीत पुढच्या अठराशे वर्षांचे बीज आहे.

नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्ने इसहाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेलनचे ग्रंथ अरबीत आणले. त्या पायावर इब्ने सीना (९८० ते १०३७) यांनी ‘अल-कानून’ रचला. फेफऱ्याला त्यांनी ‘सरअ’ म्हटले आणि त्याची गणना मेंदूच्या रोगांत केली. मेंदूच्या पोकळ्यांत त्यांनी मनाच्या शक्तींची ठाणी ठरविली होती : पुढच्या पोकळीत संवेदना व प्रतिमा, मधल्या पोकळीत विचार व अंदाज आणि मागच्या पोकळीत स्मृती. आज ही मांडणी कोणी मानत नाही. परंतु प्रत्येक कामाला मेंदूत एक जागा असते, ही कल्पना त्यात स्पष्ट आहे. याच ग्रंथात मालीखोलिया, म्हणजे उदासीचा रोग, याविषयी लिहिताना त्यांनी घेतलेली भूमिका आजही मनन करण्यासारखी आहे. काही लोक हा रोग जिन्नांमुळे होतो असे म्हणतात, याचा उल्लेख ते करतात. पण वैद्याला त्या वादाशी कर्तव्य नाही, कारण मूळ काहीही असले तरी रोग शरीरातील बिघाडातूनच प्रकट होतो आणि वैद्याने इलाज करावयाचा तो त्या बिघाडाचा, असा त्यांचा निर्वाळा आहे. हे हजार वर्षांपूर्वीचे लेखन आहे. ‘अल-कानून’ बाराव्या शतकात टोलेडो येथे लॅटिनमध्ये उतरला आणि सतराव्या शतकापर्यंत युरोपच्या विद्यापीठांत शिकविला जात होता.

इब्ने सीनांचे समकालीन इब्ने अल-हैसम यांनी प्रकाश व दृष्टी यांवर ‘किताब अल-मनाझिर’ लिहिला. त्याची इ.स. १०८३ मध्ये त्यांच्या जावयाने नकललेली प्रत इस्तंबूलमध्ये आहे. तीत दोन डोळे, त्यांच्यापासून निघणारे दोन मज्जातंतू, त्यांचा संगम आणि तेथून मेंदूकडे जाणारा मार्ग अशी आकृती काढलेली आहे. एका विद्वानाने ठाण्यांचा नकाशा दिला, दुसऱ्याने वाटेचा. पुढचा सारा इतिहास या दोन नकाशांचा मेळ घालण्याचा आहे.

युरोपात हा शोध खऱ्या अर्थाने पुढे गेला तो १८६१ साली. पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न नावाचा एक रोगी होता. तो जोड्यांची कलबुते बनविणारा कारागीर. त्याला तरुणपणापासून फेफरे येत असे. त्याची वाचा गेली आणि पुढे वीस वर्षांहून अधिक काळ ‘तां’ एवढाच उच्चार त्याच्या तोंडी राहिला. सांगितलेले त्याला समजत असे, बोलता मात्र येत नसे. त्याच्या मृत्यूनंतर पॉल ब्रोका यांनी मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूच्या पुढील भागात बिघाड आढळला. बोलण्याचे ठाणे सापडले! १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने बोलणे समजून घेण्याचे दुसरे ठाणे अधिक मागे दाखविले, आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगितली. दोन्ही ठाणी शाबूत असूनही त्यांना जोडणारी वाट तुटली तर वेगळ्याच प्रकारचा वाचाघात होईल, असे त्यांनी केवळ तर्काने मांडले. पुढे असे रोगी आढळले.

पण ही वाट कशाची बनली आहे? इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी १८७३ साली चांदीच्या क्षाराने मेंदूचा काप रंगविण्याची युक्ती शोधली. हजारो मज्जापेशींपैकी थोड्याच काळ्या होत, पण त्या फांद्यांसह पूर्ण दिसत. सारा मेंदू म्हणजे एकसंध जाळे आहे, असे गोल्जींचे मत झाले. स्पेनचे रामोन ई काहाल यांना लहानपणी चित्रकार व्हावयाचे होते. त्यांनी तीच युक्ती वापरून १८८८ पासून दाखवून दिले की, प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र आहे आणि एकीचा निरोप दुसरीला ठराविक दिशेने जातो. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. भाषणात गोल्जींनी काहाल यांच्या सिद्धांताला विरोध केला. साधन एकाचे होते, खरा अर्थ दुसऱ्याला उमगला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ठाण्यांचीच सरशी होती. १९०९ मध्ये ब्रोडमन यांनी मेंदूच्या पृष्ठभागाची पेशींच्या रचनेनुसार वाटणी करून भागांना क्रमांक दिले. ते आजही वापरात आहेत. १९३४ साली माँट्रियल येथे मज्जासंस्थेची संस्था स्थापन करणारे वाइल्डर पेनफील्ड हे फेफऱ्याच्या रोग्यांवर, त्यांना जागे ठेवून, शस्त्रक्रिया करीत. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. सौम्य विद्युत्प्रवाहाने एकेका जागेला स्पर्श करताच रोगी सांगे की बोटाला मुंग्या आल्या, जीभ हलली. शरीराचा कोणता अवयव मेंदूत कोठे आहे याचा तपशीलवार नकाशा अशा रोग्यांच्या सांगण्यावरून तयार झाला.

१९५३ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाचे तीव्र फेफरे थांबावे म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग काढण्यात आला. झटके बरेच कमी झाले, पण नवी आठवण साठविण्याची शक्ती कायमची गेली. काही मिनिटांपूर्वी भेटलेला मनुष्य त्यांना नवखा वाटे. ब्रेंडा मिल्नर आणि इतर संशोधकांनी २००८ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत त्यांचा अभ्यास केला. स्मृतीविषयी आज जे कळते त्यातील फार मोठा भाग या एका माणसाच्या हानीतून आलेला आहे. लेबोर्न, पेनफील्ड यांचे रोगी, मोलेसन : मेंदूचा नकाशा काढून देणारे हे सारे फेफऱ्याचेच रोगी होते, ही गोष्ट वाचकांच्या लक्षात आली असेलच.

ठाण्यांकडून वाटांकडे दृष्टी पुन्हा वळविली ती बोस्टनच्या नॉर्मन गेश्विंड यांनी. १९६५ च्या त्यांच्या दीर्घ निबंधात अनेक विकारांचे कारण ‘जोड तुटणे’ हे आहे असे दाखविले होते. या दृष्टीचा उपचारात लाभ झाला तो कंपवातात. मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रे आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये निरोपांची फेरी चालते. ती बिघडल्याने हात थरथरतात व चाल जखडते, हे अमेरिकेच्या महलोन डीलाँग यांनी उलगडले. १९९० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह माकडांवर प्रयोग केला. फेरीतील एक लहानसे, अतिउत्तेजित केंद्र निकामी करताच त्यांची हालचाल सुधारली. फ्रान्सच्या ग्रनोब्ल शहरी आलीम-लुई बेनाबीद यांना १९८७ मध्येच आढळले होते की, मेंदूत खोल बसविलेल्या तारेतून जलद विद्युत्स्पंदने दिली तर कंप थांबतो. १९९३ पासून डीलाँग यांनी दाखविलेल्या केंद्रात ही तार बसविली जाऊ लागली. येथे मेलेल्या पेशी परत येत नाहीत. बिघडलेली फेरी तेवढी ताळ्यावर येते.

जिवंत माणसाच्या वाटा डोके न उघडता पाहण्याची सोयही याच काळात झाली. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी रक्तातील प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचे काम चुंबकीय यंत्राने टिपण्याची पद्धत दिली. १९९५ साली भारतात जन्मलेले भरत बिस्वाल हे अमेरिकेत विद्यार्थी असताना त्यांना दिसले की, माणूस स्वस्थ पडून असतानाही दोन्ही बाजूंची हात हलविणारी ठाणी एकाच लयीत वरखाली होतात. दूरदूरची ठाणी एकमेकांशी अखंड बोलत असतात, याचा हा पुरावा होता. २००५ मध्ये अशा संपूर्ण जोडणीला ‘कनेक्टोम’ हे नाव मिळाले. ३०२ मज्जापेशी असलेल्या एका सूक्ष्म कृमीचा असा नकाशा १९८६ मध्ये पुरा झाला होता. फळमाशीच्या सुमारे १ लाख ३९ हजार पेशींचा २०२४ मध्ये झाला. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज पेशी आहेत. मजल अजून लांबची आहे.

आता फेफऱ्याकडे परत येऊ. झटका म्हणजे पेशींच्या समूहांनी एकाच वेळी बेभान होऊन दिलेले विद्युत्निरोप. ते बहुधा एका जागी उठतात व ठरलेल्या वाटांनी पसरतात. बहुतेक रोग्यांना औषधे पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा रोग आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतात. औषधाने भागत नाही अशा निवडक रोग्यांवर शस्त्रक्रिया होते; तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तसा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे. काहींच्या बाबतीत झटका उठतो त्या जागेला हात न लावता, वाटा जेथे एकत्र येतात त्या थॅलॅमस या खोल केंद्रात तार बसवितात. या उपचाराला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. बोटांचे दुखणे आणि औषध कण्याला, हा गेलनचाच धडा येथे पुन्हा दिसतो.

शास्त्र इतके पुढे गेले. समाज मात्र मागे रेंगाळला. १९७६ च्या दुरुस्तीने आपल्या हिंदू विवाह कायद्यात व विशेष विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके वेडाच्या पंक्तीला बसविण्यात आले होते. तो शब्द काढून टाकावयास १९९९ साल उजाडावे लागले. कायद्यातून शब्द गेला, घराघरांतील भीती गेली नाही. वास्तविक आपल्याजवळ याहून चांगला दाखला आहे. फेफऱ्याने पीडित एक स्त्री हजरत पैगंबर (स.) यांच्याकडे दुआ मागण्यास आल्याची हकीकत बुखारी शरीफमध्ये आहे. पुढे हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी तिच्याकडे निर्देश करून, ही जन्नतची स्त्री, अशी तिची ओळख करून दिली. तिला कोणी लपविले नाही.

म्हणून पालक व शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे. वर्गात असा प्रसंग आलाच तर मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर लगेच रुग्णालयात न्यावे. दुआ अवश्य करावी, पण डॉक्टरांनी दिलेले औषध एक दिवसही चुकवू नये. आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला, त्या मुलीला, त्याच बाकावर बसवावे. मेंदूविषयी जगाला जे ज्ञान झाले आहे, त्यात अशा रोग्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्यासाठी शाळेचे दार बंद करणे हा त्या उपकाराचा मोबदला खास नव्हे.