दोन हट्टी माणसं

कामगार रंगभूमीवर उभं आयुष्य काढलं, पण मालक-मजुरांचा सामना मला सर्वांत भिडला तो जॉन गॉल्सवर्दींच्या ‘स्ट्राइफ’ या नाटकामध्ये. १९०९ साली लंडनला ते रंगमंचावर आलं. पत्र्याच्या कारखान्यात ऐन थंडीत संप चालू आहे. म्हातारा अध्यक्ष अँथनी ३२ वर्षं कंपनी मुठीत धरून आहे. चार वेळा मजुरांशी लढला, एकदाही हरलेला नाही. समोर संपाचा पुढारी रॉबर्ट्स. त्याच्या शोधावर कंपनीनं लाख पौंड कमावले, त्याच्या हाती टेकवले ७००. हा आकडा कळला की त्याचा भांडवलावरचा संताप हाडात शिरतो. संप टिकवा म्हणून तो सभेत गर्जत असतानाच निरोप येतो: बायको गेली. उपासानं, गारठ्यानं.

गॉल्सवर्दींनी अँथनीलाही खलपुरुष केलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. शेवटी दोघांना आपापलीच माणसं टाकून देतात आणि तडजोड करतात. १९३०च्या सुमारास प्रेमचंदांनी हे नाटक ‘हड़ताल’ नावानं हिंदीत आणलं. मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद पाडणारा १९२८चा संप तेव्हा ताजा होता. नाटकातली तडजोड मात्र संपापूर्वी मांडलेल्याच अटींवर होते.