एका कमांडमध्ये ३०० जीबी डेटा साफ! डेटाबेस सर्व्हर म्हणजे काय आणि तो सांभाळतात कसा?

३१ जानेवारी २०१७. जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्रीचे ११ वाजून गेले होते. जगभरातले प्रोग्रॅमर आपला कोड ज्या वेबसाइटवर ठेवतात, त्या गिटलॅब डॉट कॉमचा एक इंजिनिअर अजून कामात अडकलेला होता. त्याला दोन सर्व्हर सांभाळायचे होते. एक मुख्य आणि दुसरा राखीव. राखीव सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर रिकामं करायचं, म्हणून त्याने ते पुसून टाकण्याची कमांड दिली.

एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, की कमांड मुख्य सर्व्हरवर चालली आहे. त्याने ती लगेच थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी डेटा शिल्लक होता.

'बॅकअप असेलच की!' असं तुम्हाला वाटलं ना? गिटलॅबच्या लोकांनाही तसंच वाटलं होतं. पुढे काय झालं ते पाहूच, पण त्याआधी हा डेटाबेस सर्व्हर नेमकं काय करतो, त्याला प्रश्न कसे विचारतात आणि तो सांभाळणाऱ्या माणसाची झोप कशामुळे उडते, हे समजून घेऊया.

तुमचा लाइक नेमका जातो कुठे?

एखादं छोटं सोशल मीडिया ॲप डोळ्यांसमोर आणा. त्यात एक तक्ता वापरकर्त्यांचा असतो. त्यात प्रत्येकाचा क्रमांक, नाव आणि शहर. दुसरा तक्ता पोस्टचा. तिसरा लाइकचा. तुम्ही एखाद्या पोस्टवर बदाम दाबलात, की तिसऱ्या तक्त्यात एक ओळ वाढते. त्या ओळीत फक्त दोन आकडे पुरतात: तुमचा क्रमांक आणि त्या पोस्टचा क्रमांक.

तुमचं नाव तिथे पुन्हा लिहिलं जात नाही. ते एकाच ठिकाणी, वापरकर्त्यांच्या तक्त्यात असतं. उद्या तुम्ही नाव बदललंत, तर एकच ओळ बदलायची. तुमच्या हजारो लाइकना हात लावायची गरज नाही. प्रत्येक ओळीची ओळख सांगणाऱ्या अशा क्रमांकाला 'प्रायमरी की' म्हणतात. तोच क्रमांक दुसऱ्या तक्त्यात संदर्भ म्हणून वापरला, की तिथे तो 'फॉरेन की' होतो.

ही कल्पना आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये एका शोधनिबंधात मांडली. त्याआधीच्या पद्धतींमध्ये माहिती कुठे आणि कोणत्या वाटेने ठेवली आहे, हे प्रोग्रॅमला ठाऊक असावं लागायचं. माहितीची रचना बदलली, की प्रोग्रॅमही बदलावा लागायचा. कॉड यांचं म्हणणं होतं, की माहिती तक्त्यांमध्ये ठेवा आणि वाट शोधायचं काम यंत्रावर सोपवा. या कामासाठी त्यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस ही आज वापरात असलेली मोठी नावं याच कल्पनेवर उभी आहेत.

'काय हवं' ते सांगा, 'कसं शोधायचं' ते सर्व्हर बघेल

तक्ते झाले, पण त्यांना प्रश्न कसा विचारायचा? त्यासाठी आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये एक भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. देवनागरीत लिहिली तर तिच्यातला एक प्रश्न असा दिसेल:

सिलेक्ट नाव फ्रॉम वापरकर्ते व्हेअर शहर = 'नाशिक'

म्हणजे वापरकर्त्यांच्या तक्त्यातून, ज्यांचं शहर नाशिक आहे, त्यांची नावं दाखव. अशा प्रश्नाला 'क्वेरी' म्हणतात. दोन तक्ते जोडून उत्तर हवं असेल तर 'जॉइन' वापरायचं. 'या पोस्टला कोणाकोणाचे लाइक आले?' या प्रश्नासाठी सर्व्हर लाइकच्या तक्त्यातून क्रमांक उचलतो, ते वापरकर्त्यांच्या तक्त्याशी जुळवतो आणि नावं समोर ठेवतो.

यात आधी कोणता तक्ता उघड, मग कुठे बघ, असं काहीच सांगितलेलं नाही. ते सर्व्हर स्वतः ठरवतो. त्याने काय ठरवलं आहे हे बघायचं असेल, तर क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन' हा शब्द लावतात. क्वेरी संथ चालत असेल, तर डेटाबेस सांभाळणारा माणूस सगळ्यात आधी हेच करतो.

ॲप स्लो का होतं?

बऱ्याचदा उत्तर एकच असतं: इंडेक्स नाही.

जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते. सूची नसेल तर एक शब्द शोधायला सगळी पानं चाळावी लागतात. डेटाबेसचंही तसंच आहे. १० लाख ओळींच्या तक्त्यात एक नाव शोधायचं आणि इंडेक्स नाही, तर सर्व्हर सगळ्या १० लाख ओळी वाचतो. तीच नावं क्रमाने लावलेली असतील, तर दर वेळी मधोमध उघडून अर्धा भाग बाद करत गेलं, की जास्तीत जास्त २० पायऱ्यांत नाव सापडतं. डेटाबेसमधला इंडेक्स याहून हुशारीने रचलेला असतो, त्यामुळे पायऱ्या आणखी कमी लागतात.

मग प्रत्येक रकान्यावर इंडेक्स का नाही लावायचा? कारण नवी ओळ आली, की प्रत्येक इंडेक्समध्येही तिची नोंद करावी लागते. वाचणं वेगवान होतं, पण लिहिणं मंदावतं. कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे ठरवणं हाच अनुभवाचा भाग.

एक शब्द विसरला तर?

आता धोक्याच्या जागेकडे येऊया. ओळी पुसण्यासाठी 'डिलीट' आणि बदलण्यासाठी 'अपडेट' वापरतात. कोणत्या ओळी, हे सांगतो तो 'व्हेअर'. तो लिहायचा राहिला, तर सर्व्हर हटकत नाही. 'सगळ्या ओळी पुस' असा अर्थ घेऊन तो मुकाट्याने तक्ता रिकामा करतो.

ही चूक इतकी नेहमीची आहे, की मायएसक्यूएलमध्ये तिच्यासाठी खास सोय आहे. 'सेफ अपडेट्स' हा पर्याय चालू केला, की नीट अट न घातलेल्या डिलीट आणि अपडेटला तो नकार देतो. याच पर्यायाचं दुसरं अधिकृत नाव आहे 'आय ॲम अ डमी'. म्हणजे 'मी ठोंब्या आहे'! गंमत वाटते, पण मुरलेले लोकही हा पर्याय चालू ठेवतात.

दुसरं संरक्षण म्हणजे 'ट्रान्झॅक्शन'. तुम्ही कोणाला ५०० रुपये पाठवले, तर तुमच्या खात्यातून वजा आणि समोरच्याच्या खात्यात जमा, अशा दोन गोष्टी व्हायला हव्यात. मध्येच वीज गेली आणि फक्त पहिलीच झाली तर? म्हणून दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधतात. एकतर दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. सगळं ठीक असेल तर 'कमिट', गडबड वाटली तर 'रोलबॅक'. सावध माणूस हाताने डेटा बदलतानाही आधी ट्रान्झॅक्शन सुरू करतो, किती ओळी बदलल्या तो आकडा बघतो आणि मगच कमिट करतो. तीन ओळी बदलायच्या होत्या आणि आकडा तीन लाख आला, तर रोलबॅक करून सुटका होते. कमिट झाल्यावर मात्र परतीचा रस्ता बॅकअपमधूनच जातो.

किल्ल्या कोणाकडे?

घराची तिजोरीसकट सगळी किल्ली आपण दूधवाल्याला देत नाही. डेटाबेसमध्येही ज्याला जेवढं लागतं तेवढाच अधिकार द्यायचा असतो. अहवाल काढणाऱ्याला फक्त वाचण्याचा अधिकार. ॲपला ओळी वाचण्या-लिहिण्याचा, पण अख्खा तक्ता उडवण्याचा नाही. अधिकार देण्यासाठी 'ग्रँट' आणि काढून घेण्यासाठी 'रिव्होक' अशा कमांड असतात.

तसंच डेटाबेस सर्व्हरचं दार थेट इंटरनेटवर उघडं ठेवायचं नसतं. मायएसक्यूएल सहसा ३३०६ आणि पोस्टग्रेस ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत असतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. उघडी दारं शोधणारे प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात.

राखीव सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे

मुख्य सर्व्हरवर जे घडतं ते लगोलग दुसऱ्या सर्व्हरवर उतरवत राहायचं, याला 'रेप्लिकेशन' म्हणतात. मुख्य यंत्र बंद पडलं, तर दुसरं काम हाती घेतं. पण तुम्ही मुख्य सर्व्हरवर चुकून तक्ता रिकामा केलात, तर ती चूकही तितक्याच इमानदारीने राखीव सर्व्हरवर उतरते. रेप्लिकेशन यंत्र बिघडण्यापासून वाचवतं. माणसाच्या चुकीपासून वाचवतो तो बॅकअप, म्हणजे आधीच्या एखाद्या वेळेची वेगळी ठेवलेली प्रत.

आता पुन्हा त्या रात्रीकडे जाऊया.

त्या रात्री पुढे काय झालं?

गिटलॅबचा डेटाबेस पोस्टग्रेसवर चालत होता. त्या संध्याकाळी सर्व्हरवरचा ताण अचानक वाढला आणि राखीव सर्व्हर मागे पडला. इतका मागे, की त्याला अजून हव्या असलेल्या नोंदी मुख्य सर्व्हरने जुन्या म्हणून काढून टाकल्या होत्या. आता राखीव सर्व्हर रिकामा करून पूर्ण प्रत नव्याने उतरवण्याशिवाय पर्याय नव्हता. पण प्रत उतरवणारी कमांड काहीच न बोलता नुसती थांबून राहत होती. खरं तर ती मुख्य सर्व्हरकडून डेटा यायला सुरुवात होण्याची वाट बघत होती. इंजिनिअरला वाटलं, तिथलं जुनं फोल्डर आड येत असेल. ते पुसायला तो गेला आणि कमांड भलत्याच सर्व्हरवर पडली.

मग बॅकअपचा शोध सुरू झाला.

रोज डेटाबेसची प्रत काढून ती ॲमेझॉनच्या क्लाउडवर ठेवली जायला हवी होती. तिथे काहीच नव्हतं. प्रत काढणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचा होता आणि डेटाबेस ९.६ चा. त्यामुळे प्रत निघतच नव्हती. काम फसल्याचे ईमेल पाठवले जात होते, पण ते योग्य प्रकारे प्रमाणित केलेले नसल्यामुळे पलीकडे नाकारले जात होते. इशारा होता, पण तो कोणापर्यंत पोहोचत नव्हता.

मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर डिस्कची अख्खी प्रत घेण्याची सोय होती. ती इतर सर्व्हरसाठी चालू होती, डेटाबेस सर्व्हरसाठी नव्हती. आणि राखीव सर्व्हर तर आधीच रिकामा केलेला होता.

वाचवलं ते एका योगायोगाने. त्याच इंजिनिअरने साधारण सहा तासांपूर्वी दुसऱ्या एका कामासाठी डेटाबेसचा 'स्नॅपशॉट' हाताने घेतला होता. तो चाचणीच्या सर्व्हरवर होता. तिथल्या डिस्क इतक्या संथ होत्या, की डेटा परत आणायला सुमारे १८ तास लागले. या सगळ्या काळात गिटलॅबने काहीही लपवलं नाही. काय चाललंय याच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आणि दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. ते हजारो लोकांनी पाहिलं.

लोकांचा कोड वाचला, कारण तो या डेटाबेसमध्ये नव्हताच. पण सुमारे सहा तासांतल्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीच्या अंदाजानुसार साधारण ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कमेंट आणि ७०० नव्या खात्यांना त्याचा फटका बसला.

चूक कोणाची?

बोट त्या इंजिनिअरकडे दाखवणं सोपं होतं. गिटलॅबने नंतर जो सविस्तर अहवाल जाहीर केला, त्यात त्याचं नाव दिलं नाही. त्याऐवजी एक प्रश्न विचारला: बॅकअप नियमितपणे तपासला का जात नव्हता? उत्तर होतं, कारण ते काम कोणा एकावर सोपवलेलंच नव्हतं. बॅकअप घेतला जातोय असं सगळ्यांना वाटत होतं आणि तो परत आणून कोणीच पाहत नव्हतं.

म्हणून उपायही तसेच ठरले. बॅकअप आपोआप दुसरीकडे उतरवून तो चालतो का, हे तपासायचं. त्या कामाला एक जबाबदार माणूस नेमायचा. आणि आपण नेमक्या कोणत्या सर्व्हरवर आहोत, हे स्क्रीनवर चटकन ओळखू येईल अशी सोय करायची.

डेटाबेस सांभाळणारे लोक यासाठी एक साधा नियम पाळतात. डेटाच्या तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या जागी ठेवा. त्यावर आणखी एक: अधूनमधून ती प्रत परत उतरवून, उघडून बघा. जो बॅकअप कधी उघडलाच नाही, तो आहे की नाही हे संकट आल्यावरच कळतं.

हा नियम तुमच्या फोनलाही लागू आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'चॅट बॅकअप' उघडा. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे, तो कोणत्या ईमेल खात्यावर जातो आणि त्या खात्याचा पासवर्ड तुम्हाला आठवतो का, एवढं आजच बघून घ्या. पुढच्या वेळी नवा फोन घ्याल, तेव्हा जुना विकण्याआधी नव्यावर सगळं आलंय ना, हे उघडून बघा. गिटलॅबला ही तपासणी शिकायला १८ तास लागले. तुम्हाला पाच मिनिटं पुरतील.